मणक्याच्या टीबीची औषधे सुरू करण्याआधी तुकडा तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल आपल्या पत्रसदरात सध्या चर्चा चालू आहे. ती रास्तच आहे. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये, असे २०२० च्या शालेय दप्तर धोरणात स्पष्ट म्हटले आहे. पण दप्तराने दुखणारी पाठ दप्तर उतरवल्यावर, सुट्टीत, अंथरुणावर पडल्यावर शांत होते. जी पाठ रात्रीच जास्त दुखते, झोपेतून उठवते आणि मे महिन्याच्या सुट्टीतही थांबत नाही, तिचे कारण दप्तरात नसते. अशा दुखण्यामागे क्वचित, फारच क्वचित, मणक्याचा सार्कोमा निघतो. तो ओळखायला जो उशीर होतो, तो वारंवार एकाच वळणावर होतो. एमआरआयमध्ये मणका खराब दिसला की 'हाडाचा टीबी' म्हणून औषधे सुरू होतात आणि खराब जागेचा तुकडा काढून तपासायचा, म्हणजे बायोप्सी करायची, राहून जाते. या वळणाबद्दल नीट, तपशिलाने लिहिले जावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण अर्धवट माहिती या बाबतीत घातक ठरते. जागेची अडचण समजूनही काटछाट न करता छापावे, ही विनंती.

सार्कोमा हा हाड, कूर्चा, स्नायू, चरबी, मज्जातंतूंचे वेष्टन अशा शरीराला आधार देणाऱ्या ऊतींचा कर्करोग. दहा ते वीस या वयात कण्यात सापडणाऱ्या सार्कोमांत यूइंग सार्कोमा प्रमुख. जेम्स यूइंग या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९२१ मध्ये तो हाडाच्या इतर कर्करोगांपासून वेगळा दाखवला. बहुतेक रुग्णांत त्याच्या मुळाशी ११ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल असते. ती आईवडिलांकडून आलेली नसते आणि खाण्यापिण्यातल्या चुकीनेही होत नाही. चेंडू लागला, शाळेत पडला, तेव्हापासून दुखते असे घरचे सांगतात. प्रत्यक्षात त्या माराने आधीच असलेल्या दुखण्याकडे लक्ष वेधलेले असते. दुसरा ऑस्टिओसार्कोमा. तो बहुधा गुडघ्याजवळ होतो, कण्यात शंभरांतले तीन ते पाचच. याखेरीज हाडाला न शिवता मणक्याच्या पोकळीत मज्जारज्जूच्या वेष्टनाबाहेर वाढणारा यूइंग, पाठीच्या स्नायूंतून आत शिरणारा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, सायनोव्हियल सार्कोमा आणि कॉर्डोमा.

पाश्चात्त्य देशांच्या नोंदींप्रमाणे यूइंग सार्कोमा वीस वर्षांखालील दर दहा लाखांमागे वर्षाला साधारण तिघांना होतो, आणि त्यातले कण्यात सुरू होणारे दहांत एकाच्या आसपास. म्हणजे आपल्या इंदूरमध्ये राजवाड्याजवळ किंवा सुदामा नगरात चाळीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना असा एकही रुग्ण न भेटणे अगदी शक्य आहे. मणक्याचा टीबी मात्र त्यांना दरवर्षी भेटतो. त्यामुळे 'टीबी असेल' हा अंदाज बहुतेक वेळा बरोबरही निघतो. यात कोणाच्या हुशारीचा प्रश्न नाही. इतका विरळ आजार अनुभवाने पकडता येत नाही, तो नियम पाळूनच सापडतो.

नियमाची सुरुवात घरातून होते. पंचविशीच्या आतल्या कोणाचीही पाठ किंवा मान चार आठवड्यांहून जास्त दुखत असेल आणि गोळीचा असर उतरला की पुन्हा तेच सुरू होत असेल, तर तपासणी हवी. मुलाने आपणहून खेळणे सोडले, पाठीच्या एकाच मणक्यावर दाबल्यावर कळ येते, पाठ एका बाजूला कलली आहे आणि ती दुखते आहे, ही सगळी पुढे जाऊन शोध घेण्याची कारणे. किशोरवयात मुलींच्या पाठीला येणारा नेहमीचा बाक सहसा दुखत नाही, दुखरा बाक वेगळा समजावा. बारीक ताप आणि घटलेले वजन सोबत असेल तर आणखी घाई करावी.

पायांची लक्षणे त्यानंतर येतात आणि ती सुरुवातीला फार साधी दिसतात. चालताना चप्पल पायातून निसटते आणि मुलाला कळतही नाही. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. मग लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, थेंबथेंब होते, तुंबते, बसण्याची जागा बधिर होते. पायांची ताकद कमी होत जाणे किंवा लघवी तुंबणे दिसले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचे, सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. उपचार सुरू होताना जो रुग्ण चालत असतो, तो पुढेही चालत राहण्याची शक्यता चांगली असते. पाय पूर्ण लुळे पडून एक-दोन दिवस गेले की ती झपाट्याने घटते.

याच टप्प्यावर मालिश करवणे, पाठीवर पाय देऊन 'मोकळी' करणे, पहलवानाकडून मणका बसवून घेणे पूर्ण बंद. गाठीने पोखरलेला मणका अशा दाबाखाली खचतो, आणि हाडाचा चुरा मज्जारज्जूवर येऊन काल चालणारे मूल आज झोपून राहते.

आता तपासण्या. साध्या एक्स-रेवर भरवसा ठेवू नये, कारण मणक्यातला निम्म्याच्या आसपास चुना नाहीसा झाल्याशिवाय त्यावर फरक दिसत नाही. तरीही समोरून काढलेल्या फिल्ममध्ये एक खूण जरूर पाहावी. प्रत्येक मणक्यावर दोन डोळ्यांसारखे दोन गोल दिसतात, ते पेडिकल. त्यातला एखादा मिटलेला दिसला तर तो मणका मागच्या बाजूने पोखरला जातो आहे.

एमआरआय कुठल्या भागाचा सांगितला आहे, हे चिठ्ठीवर वाचावे. पायांत ताकद नाही म्हणून 'एलएस स्पाइन', म्हणजे फक्त कंबरेचा एमआरआय लिहिला जातो. पण मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, त्याखाली फक्त नसांचा झुपका असतो. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय नेहमीपेक्षा जोरात उडत असेल, तळव्यावर चरा ओढल्यावर अंगठा वर जात असेल, तर बिघाड त्या पातळीच्या वर आहे आणि बहुतेकदा छातीच्या मणक्यांत आहे. कंबरेच्या एमआरआयमध्ये तो येतच नाही. मग 'सगळे नॉर्मल आहे' असा अहवाल घेऊन घरचे निर्धास्त होतात आणि मोलाचे आठवडे जातात. गीता भवन ते पलासिया पट्ट्यात एमआरआय केंद्रांना तोटा नाही. चिठ्ठीवर 'संपूर्ण कणा, गॅडोलिनियम कॉन्ट्रास्टसह' (म्हणजे चित्र उठावदार करणारे औषध शिरेतून देऊन) असे लिहून घेणे एवढेच करायचे आहे. कॉन्ट्रास्टच्या आधी मूत्रपिंडासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासलेले असावे.

एमआरआय झाला की खरा पेच सुरू होतो. रिपोर्टच्या शेवटी 'कॉक्स स्पाइन' किंवा 'पॉट्स स्पाइन' असे शब्द असतात, दोन्हींचा अर्थ मणक्याचा टीबी. यूइंग सार्कोमा टीबीचे हुबेहूब सोंग घेतो. ताप दोन्हीत येतो, वजन दोन्हीत घटते, रक्तातला ईएसआर (शरीरात सूज असल्याची खूण) दोन्हीत चढतो. टीबीसाठी कातडीवर करतात ती मॅन्टू चाचणी आपल्याकडे कितीतरी निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते. म्हणजे रक्ताच्या आणि कातडीच्या तपासण्यांतून निवाडा होत नाही.

चित्रात काही फरक असतात आणि ते जाणून घेण्यासारखे आहेत. टीबी बहुधा गादीला (दोन मणक्यांमधल्या डिस्कला) लागून असलेल्या भागात सुरू होतो. तो पुढे गादीही खातो, शेजारचे दोन मणके धरतो आणि बाजूला पू साठवतो. कॉन्ट्रास्ट दिल्यावर त्या पुवाची फक्त कड चमकते. सार्कोमात गादी बऱ्याचदा शाबूत राहते, मणक्याबरोबर पेडिकल आणि मागची कमान धरली जाते, आणि हाडाबाहेर येणारी गाठ भरीव असल्याने सबंध चमकते. पण या फरकांवर उपचार ठरवू नयेत. गादी न खाणारा, एकाच मणक्यात राहणारा टीबी असतो, मागच्या कमानीतला टीबीही असतो. उलट आतून सडलेल्या सार्कोमाची कड पुवाच्या पिशवीसारखीच चमकते. लहान मुलांत एखादा मणका चपटा होऊन नाण्याएवढा उरतो, तो बहुधा लँगरहॅन्स हिस्टिओसायटोसिस या आजाराने, आणि त्याचा निकाल बराच चांगला असतो. पण यूइंगनेही तसे होते. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, अॅन्युरिझमल बोन सिस्ट अशा कर्करोग नसलेल्या गाठीही याच वयात याच जागी होतात. तुकडा तपासण्याचा आग्रह केवळ कर्करोगाच्या भीतीने नाही. कित्येकांना त्या तपासणीतून चांगली बातमी मिळते.

तुकडा न तपासता एकेटी, म्हणजे टीबीवरची औषधे, सुरू केली, तर काय होते ते पाहा. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे सुरू होतात, सोबत वेदनाशामक आणि पट्टा. पट्ट्याने आणि गोळ्यांनी दुखणे थोडे उतरते आणि सगळ्यांना वाटते, औषध लागू पडले. दोन महिन्यांनी पुन्हा एमआरआय होतो, गाठ वाढलेली दिसते. इथे दुसरी अडचण उभी राहते. खऱ्या टीबीतही पहिल्या काही महिन्यांत गाठ तात्पुरती वाढू शकते, म्हणून 'आणखी थांबू' असे ठरते. पुढच्या खेपेला 'औषधांना दाद न देणारा टीबी' असा शिक्का बसतो आणि दुसऱ्या फळीची औषधे येतात. टीबी रुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नाव चढलेले असते, कार्डावर टीबी लिहिलेले असते, आणि नंतर पाहणारा प्रत्येक जण त्या शब्दापासूनच सुरुवात करतो. दरम्यान गाठ फुप्फुसांत पोहोचलेली असू शकते. शिवाय रिफाम्पिसिन यकृतातली औषधे मोडणारी यंत्रणा वाढवते. मज्जारज्जूची सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा परिणाम त्याने कमी होतो, व्हिन्क्रिस्टिनसारख्या केमोच्या औषधांचे रक्तातले प्रमाणही बदलते. योग्य निदान झाल्यावरही हे ओझे मागे राहते, म्हणून केमो देणाऱ्या डॉक्टरांना आधीची एकेटी कधी सुरू आणि कधी बंद झाली, हे तारखेसह सांगावे.

बायोप्सी सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुईने होते. पोट उघडायचे किंवा पाठ चिरायची नसते. मणक्याच्या आतल्या गाठीसाठी ११ किंवा १३ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचे माप) हाडाची सुई पेडिकलमधून आत नेतात, बाहेर आलेल्या मऊ भागासाठी १४ ते १८ गेजची, बारीक पट्टी कापून आणणारी ट्रूकट सुई वापरतात. मोठ्या मुलांना जागा बधिर करून भागते, लहानांना थोडी भूल लागते. रक्त नीट गोठते ना, यासाठी आधी प्लेटलेट आणि आयएनआर पाहिलेले असावे. नुसती बारीक सुईची एफएनएसी इथे पुरत नाही. तिने पेशी मिळतात, ऊतीची रचना मिळत नाही, आणि पुढच्या चाचण्यांना मालही उरत नाही. चार-पाच चांगल्या पट्ट्या हव्यात. सुई गाठीच्या मधोमध न मारता कॉन्ट्रास्टने चमकणाऱ्या कडेत मारावी, कारण मधला भाग मेलेला असतो. मेलेला माल गेला की अहवाल येतो 'नेक्रोसिस' (मेलेली ऊती), तो वाचणारा टीबीतल्या केसिएशनची, म्हणजे टीबीने ऊती मरून पनीरासारखी होण्याची, आठवण काढतो, आणि बायोप्सी करूनही रुग्ण पुन्हा एकेटीवर जातो. सुईचा मार्गही शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनशी बोलून ठरवावा. सार्कोमा त्या मार्गावर रुजू शकतो, म्हणून पुढे तो मार्ग गाठीबरोबर काढावा लागतो किंवा किरणांच्या क्षेत्रात घ्यावा लागतो. वेडावाकडा, दूरवरून नेलेला मार्ग पुढची शस्त्रक्रिया मोठी करतो.

त्यानंतर दोन बाटल्या. या पत्रातली एकच गोष्ट कोणी लक्षात ठेवणार असेल, तर ही ठेवावी. एका बाटलीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट, ती हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. दुसरी निर्जंतुक, साध्या सलाइनची, ती टीबीच्या सीबीनॅट (जंतूचे जनुक शोधणारी चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणे) यांसाठी, आणि ती त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. सगळा माल फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि कल्चर होऊ शकत नाही. सगळा सलाइनमध्ये राहिला तर पेशी कुजतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. सीबीनॅटचे यंत्र साधारण दोन तासांत उत्तर देते, टीबीचा जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो का, दोन्ही सांगते. द्रव माध्यमातले कल्चर सहा आठवड्यांपर्यंत चालते. सीबीनॅट निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही असेही होत नाही. म्हणूनच दोन्ही बाटल्या एकाच वेळी भरायच्या.

प्रयोगशाळेतल्या मित्रांना एक विनंती. हाडाचा तुकडा कापण्याआधी मऊ करावा लागतो. तो नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात पटकन मऊ होतो, पण त्यात डीएनए नष्ट होतो, आणि मग जनुकातली मोडतोड दाखवणाऱ्या फिश चाचणीत काहीच उमटत नाही. ईडीटीएला जास्त दिवस लागतात, पण डीएनए टिकतो. पट्ट्यांतल्या मऊ भागाला आम्ल लागूच देऊ नये, तो वेगळ्या कॅसेटमध्ये ठेवावा. यूइंगच्या पेशी लहान, गोल, निळ्या दिसतात. तशाच लिम्फोमाच्या, न्यूरोब्लास्टोमाच्या, ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाच्याही दिसतात. सीडी ९९ हा पेशींवरचा खुणेचा पदार्थ पॉझिटिव्ह आला म्हणून यूइंग लिहून मोकळे होऊ नये, कारण लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही तो पॉझिटिव्ह येतो, आणि त्याचा उपचार अगदी वेगळा. एनकेएक्स २.२, टीडीटी, एलसीए, डेस्मिन, मायोजेनिन हे खुणेचे पदार्थही सोबत पाहावेत, आणि शेवटी यूइंगमध्ये तुटणाऱ्या ईडब्ल्यूएसआर-१ जनुकाची फिश चाचणी. अहवालात ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारे पेशींचे पुंजके) नाही, जंतू नाही, फक्त 'जुनाट सूज' किंवा 'नेक्रोसिस' आहे आणि एमआरआयमध्ये भरीव गाठ दिसते आहे, तर तो अहवाल टीबीचा पुरावा धरू नये. बायोप्सी पुन्हा करावी. दुसऱ्यांदा सुई टोचायची वेळ आली म्हणून आईवडील नाराज होतात, पण त्यांना समजावून सांगण्यात घालवलेली दहा मिनिटे सत्कारणी लागतात.

पाय जात असतील तर हा सगळा क्रम घाईत करावा लागतो आणि तिथे आणखी एक चूक घडते. रात्री घाईघाईने लॅमिनेक्टमी होते, म्हणजे मणक्याची मागची कमान काढून हाती लागेल तेवढी गाठ खरवडली जाते. कधी ती अटळ असते, पाय तासागणिक जात असतील तर दुसरा मार्ग नसतो, आणि ती करणाऱ्या सर्जनला दोष देता येत नाही. पण ताकद थोडीच कमी झाली असेल, तर यूइंगमध्ये केमो सुरू होताच गाठ झपाट्याने आक्रसू शकते आणि मज्जारज्जू मोकळा होतो. शिवाय वाढत्या वयात अनेक मणक्यांची कमान काढली की पाठीला पुढे कुबड येते. डेक्सामेथासोनने सूज उतरते, पण लिम्फोमाची शक्यता असेल तर बायोप्सीआधी दिलेल्या स्टिरॉइडने तुकड्यातले चित्र पुसट होऊ शकते. तेव्हा शक्य असेल तर आधी सुई, लगेच स्टिरॉइड. पक्षाघात वाढत असेल तर मात्र स्टिरॉइड थांबवून ठेवू नये. शस्त्रक्रिया करावीच लागली, तर काढलेला सगळा माल वर सांगितल्याप्रमाणे दोन बाटल्यांत जावा. स्क्रू-रॉड बसवायचे असतील तर कार्बन फायबरचे मिळतात का पाहावे. टायटॅनियममुळे पुढच्या एमआरआयमध्ये सावल्या पडतात आणि किरणोपचाराचे गणित अवघड होते.

'साधा न्यूरोफायब्रोमा' (मज्जातंतूवरची कर्करोग नसलेली गाठ) किंवा 'स्लिप डिस्क' समजून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर अहवालात सार्कोमा निघाला, तर टाके निघेपर्यंत गप्प बसू नये. अहवाल हाती येताच कर्करोग विभागात जावे. आणि ज्यांच्या अंगावर जन्मापासून कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग आहेत (वयात आल्यावर प्रत्येकी दीड सेंटिमीटरहून मोठे), म्हणजे ज्यांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा अशा गाठी होणारा जनुकीय आजार असण्याचा संभव आहे, त्यांच्या जुन्या गाठींपैकी एखादी दुखू लागली, टणक झाली किंवा भराभर वाढू लागली, तर ती मज्जातंतूच्या वेष्टनाचा सार्कोमा झाली आहे का, हे पाहावेच लागते.

निदान झाल्यावर छातीचा सीटी आणि शक्य असल्यास पेट-सीटी करून आजार किती पसरला ते पाहतात. डॉक्सोरुबिसिनच्या आधी हृदयाचा इको होतो. वयात आलेल्या मुलांचे शुक्राणू गोठवून ठेवण्याची गोष्ट पहिल्या केमोच्या आधी काढायला हवी. आपल्या घरांत संकोचाने ती राहते आणि नंतर काढून उपयोग नसतो. मुलींसाठीही पर्याय असतात, त्याच आठवड्यात विचारावे. यूइंगची पाच औषधे आहेत: व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, इटोपोसाइड. ती आलटून पालटून, दर दोन आठवड्यांनी, एकूण १४ चक्रे देतात. पाचही औषधे भारतात तयार होतात. साधारण तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार किंवा दोन्ही. कण्याजवळ किरणांची मात्रा ४५ ते ५० ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) आसपास राखावी लागते, कारण मज्जारज्जूची सहनशक्ती तिथेच संपते. ही मात्रा आठवड्याला पाच दिवस, दर वेळी १.८ ग्रे अशी देतात. वाढत्या मुलात अर्धा मणका किरणांत आणि अर्धा बाहेर ठेवला तर पाठ वाकडी वाढते, म्हणून सबंध मणका क्षेत्रात घेतात. प्रोटॉन किरणोपचार २०१९ पासून चेन्नईत अपोलोच्या केंद्रात आणि २०२३ पासून खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रात मिळतो. प्रत्येकाला त्याची गरज नसते. ऑस्टिओसार्कोमाची औषधे वेगळी आहेत आणि किरणांना तो फारसा जुमानत नाही, तिथे संपूर्ण मणका एकसंध काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. या शस्त्रक्रिया नियमितपणे करणाऱ्या चमूकडेच कराव्यात.

यूइंग पसरण्याआधी सापडला तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असते. निदानाच्या वेळी पसरलेला असेल तर एक-तृतीयांशाहूनही कमी. एकेटीत गेलेल्या महिन्यांचा हिशेब या दोन आकड्यांत आहे.

केमो चालू असताना घरी थर्मामीटर हवाच. १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी खालावलेल्या असतात, शिरेतून प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे लागते. धार, खरगोन, बडवानीकडच्या कुटुंबांनी चक्रानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात शक्य तर इंदूरमध्येच मुक्काम ठेवावा. व्हिन्क्रिस्टिनने बद्धकोष्ठ होते, आणि मणक्यामुळे आतडी आधीच मंद असतात. तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता रेचक पहिल्या चक्रापासूनच विचारून घ्यावे. बुरशीवरची काही औषधे, विशेषतः इट्राकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल, व्हिन्क्रिस्टिनचा विषारीपणा वाढवतात. त्वचेच्या नायट्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली इट्राकोनाझोलची कॅप्सूलही डॉक्टरांना सांगावी. पायांत संवेदना नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी आणि टाचा गादीवर टेकू देऊ नयेत. लघवी तुंबत असेल तर दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने ती काढायला परिचारिका शिकवतात, आणि चौदा-पंधरा वर्षांची मुले हे स्वतः उत्तम करतात.

इंदूरच्या रुग्णालयांकडे आमचे मागणे मोठे नाही. यासाठी नवे यंत्र नको. पंचविशीच्या आतल्या रुग्णाला मणक्याच्या टीबीची औषधे सुरू करताना केसपेपरवर बायोप्सीचा क्रमांक असावा, नसेल तर ती का केली नाही याचे कारण लिहिलेले असावे. रेडिओलॉजिस्टनी 'कॉक्स स्पाइन'च्या पुढे 'तुकडा तपासून खात्री करावी' एवढे शब्द घालावेत. एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आणि शहरातली मोठी खासगी रुग्णालये मिळून आठवड्यातून एकदा अशा रुग्णांची फिल्म एकत्र बसून पाहू शकतात. खंडवा-बऱ्हाणपूरच्या डॉक्टरांना त्यात व्हिडिओवरून सामील होता येईल.

बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी कागदांचे थोडे. परळचे टाटा मेमोरियल असो, अहमदाबादची गुजरात कॅन्सर संस्था असो की भोपाळचे एम्स, तिथे एमआरआयच्या फिल्मबरोबर मूळ चित्रांची डायकॉम सीडी न्यावी, आणि नुसता बायोप्सीचा अहवाल न नेता स्लाइड व मेणाचे ब्लॉकही न्यावेत. ते प्रयोगशाळेकडे अर्ज करून मिळतात. उन्हाळ्यात ब्लॉक बंद मोटारीच्या काचेजवळ ठेवू नयेत, मेण मऊ पडते. मणका अस्थिर असेल तर स्लीपर बसचे धक्के टाळावेत, रेल्वेत खालचा बर्थ घ्यावा आणि पट्टा बांधूनच उठवावे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका व्यक्तीला तिथे ७५ टक्के. त्यासाठी ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र रुग्णालयाकडून भरून घ्यावे लागते, ते तिकिटाच्या आधी. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि ते दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीकृत रुग्णालयातही चालते. कर्करोगाच्या पॅकेजची मंजुरी मागताना पहिला कागद बायोप्सीच्या अहवालाचाच मागतात.

आपले,
कर्करोग, मणका शस्त्रक्रिया, पॅथॉलॉजी आणि फिजिओथेरपी क्षेत्रांत काम करणारे इंदूरचे काही मराठी व्यावसायिक